दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांनी शाळेतल्या विज्ञानातून काय घेऊन जावे?

अबोली_फोंडा

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे आणि पुढे वाणिज्य शाखेला जाण्याचे तिने पक्के केले आहे. त्याबद्दल आमच्या घरात वाद नाही. वाद आहे तो विज्ञानाच्या पुस्तकावरून. परीक्षा संपली की ज्या विषयाकडे पुन्हा वळायचे नाही, त्याची १३ प्रकरणे आपण का पाठ करायची, असे ती विचारते, आणि "गुणांसाठी" याखेरीज दुसरे उत्तर मला सुचत नाही.

आपल्या गोवा मंडळाच्या शाळांतून एनसीईआरटीची पुस्तके चालतात. नववीत द्रव्याच्या अवस्था, मिश्रणे, अणू-रेणू, पेशी आणि ऊती, गती, बल, गुरुत्वाकर्षण, कार्य व ऊर्जा, ध्वनी. दहावीत रासायनिक अभिक्रिया, आम्ल-आम्लारी, धातू, कार्बनी संयुगे, जीवनप्रक्रिया, प्रजनन, आनुवंशिकता, प्रकाश, वीज, चुंबकत्व आणि शेवटी पर्यावरण, असा हा पसारा आहे. पुढे अभियंता होणाऱ्यासाठी आणि पुढे दुकान सांभाळणाऱ्यासाठी पुस्तक तेच, तासही तेच आणि प्रश्नपत्रिकाही तीच. पहिल्याला हे सारे अकरावीत लागणारच आहे. दुसऱ्याच्या आयुष्यातले मात्र हे शेवटचे विज्ञान. त्याने या दोन वर्षांतून नेमके काय घेऊन बाहेर पडावे? शिकवणाऱ्यांनी, शिकलेल्यांनी आणि शिकून विसरलेल्यांनीही लिहावे, ही विनंती.

रापणकार

बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे असते, एवढे माझ्या स्मरणात राहिले आहे. आजवर एकाही बेडकाने मला ते विचारलेले नाही.

जुना_खडू (डिचोली)

अबोलीताई, मी माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकवून निवृत्त झालो. तुमच्या मुलीचा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारीत असे, आणि तो आगाऊपणाचा आहे असे मला कधी वाटले नाही.

या अभ्यासक्रमात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक म्हणजे माहिती: अमुक धातू, तमुक ग्रंथी, किरणांच्या आकृत्या. दुसरी म्हणजे ती माहिती खरी कशावरून, हे तपासून पाहण्याची रीत. वाणिज्य शाखेला जाणारी मुलगी यातली माहिती चार वर्षांत विसरली, तरी माझ्या मते फारसे बिघडत नाही. रीत विसरली, किंवा मुळात शिकलीच नाही, तर मात्र बिघडते. दुर्दैवाने लेखी परीक्षा माहितीची होते, आणि रीत शिकण्यासाठी जो प्रात्यक्षिकाचा तास ठेवला आहे, त्याची आपण सर्वांनी मिळून वाट लावली आहे.

ओहमच्या नियमाचेच पाहा. निक्रोमची तार, तिच्याशी एकसरीत अमीटर, तारेच्या दोन टोकांना समांतर जोडलेला व्होल्टमीटर आणि प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी रिओस्टॅट, अशी मांडणी असते. रिओस्टॅटची सरकपट्टी हलवायची, दोन्ही काटे स्थिर होऊ द्यायचे, नोंद करायची आणि पाच-सहा नोंदींवरून आलेख काढायचा. प्रत्यक्षात एखादी जोडणी सैल असते, अमीटरचा काटा मुळातच शून्यावर नसतो, कोणी काट्याकडे तिरक्या नजरेने पाहिलेले असते, आणि बिंदू रेषेच्या अलीकडे-पलीकडे विखुरतात. हे विखुरणे हाच त्या तासाचा खरा धडा आहे. परंतु मुले गेल्या वर्षीच्या मुलांचे जर्नल आणतात, त्यातले आकडे उतरवून घेतात आणि पट्टीने निर्दोष सरळ रेषा ओढतात. उत्तर आधी आणि मोजमाप नंतर, ही सवय एकदा लागली, की पुढे माणूस कोठल्याही क्षेत्रात गेला तरी ती सुटत नाही.

मी एक करीत असे. नियमाचा प्रयोग झाला, की निक्रोम काढून त्या जागी विजेरीचा साधा तारेचा बल्ब लावायला सांगत असे. आता नोंदी कितीही काळजीपूर्वक घेतल्या तरी रेषा वाकते, कारण बल्बमधली तार तापत जाते तसा तिचा रोध वाढत जातो. बहुतेक मुले "सर, चुकले" म्हणून वही मिटत. एखादी मुलगी मात्र पुन्हा नोंदी घेई, पुन्हा तेच आले की थबके आणि "सर, हे असेच आहे की काय?" असे विचारी. तिला त्या तासात विज्ञान समजले, असे मी धरीत असे, मग तिने पुढे कोठलीही शाखा घेवो.

मांडवीकाठ

जुना_खडू सर, जर्नलांविषयी आपण लिहिलेले शब्दशः खरे आहे. मी हायर सेकंडरीत भौतिकशास्त्र शिकवतो आणि ती जर्नले पुढे माझ्याकडेच येतात. मात्र "माहिती विसरली तरी बिघडत नाही" हे मला पटत नाही. नुसती रीत कोणालाही शिकवता येत नाही; ती कशावर तरी वापरूनच शिकावी लागते. ज्याला पेशी म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो कर्करोगावरच्या चमत्कारी औषधाची जाहिरात कोणत्या रीतीने तपासणार? त्याला शंका येण्यासाठीसुद्धा थोडी शिदोरी लागते.

आणि ही शिदोरीच कमी होत चालली आहे, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. महासाथीनंतर मुलांवरचा ताण हलका करण्याच्या हेतूने २०२२-२३ पासून एनसीईआरटीच्या पुस्तकांत काटछाट झाली. दहावीतून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे संपूर्ण प्रकरण गेले. "आनुवंशिकता आणि उत्क्रांती" या प्रकरणाच्या नावातून आणि मजकुरातून उत्क्रांती गेली. विजेची मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र गेले, तसेच ऊर्जास्रोतांचे प्रकरणही गेले. नववीतून सजीवांची विविधता आणि "आपण आजारी का पडतो" ही दोन प्रकरणे गेली.

आवर्त सारणी अकरावीच्या रसायनशास्त्रात आहे आणि उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, त्यामुळे नुकसान होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. माझ्या वर्गात बसणाऱ्यांचे खरोखरच होत नाही. नुकसान होते ते अबोलीताईंच्या मुलीचे. ती डार्विनचे नाव शाळेत ऐकणार नाही, मेंडेलेव्हने आवर्त सारणीत मोकळ्या सोडलेल्या जागा पाहणार नाही, आणि मिक्सर फिरतो कसा हे तिला कोणी सांगणार नाही. धाग्याचा प्रश्न "काय घेऊन जावे" असा आहे. माझे म्हणणे, आधी वाढायला काय ठेवले आहे ते पाहू.

रापणकार

म्हणजे उत्क्रांती आता फक्त विज्ञान शाखेतच होते. आम्ही वाणिज्यवाले जसे होतो तसेच राहणार.

फेज_न्यूट्रल (मडगाव)

मी आयटीआय करून वायरिंगची कामे घेतो, त्यामुळे दहावीनंतर विज्ञान सोडलेल्यांपैकीच एक आहे. वरच्या दोन्ही सरांचा आदर ठेवून सांगतो, की दहावीच्या विजेच्या प्रकरणात जे आहे, तेवढे जरी लोकांना नीट समजले असते, तरी माझी निम्मी कामे निघालीच नसती.

एक उदाहरण देतो. गिझर २००० वॅटचा असतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर येतात. हा भागाकार सातवीच्या मुलालाही जमतो. तरीही चांगली शिकलेली माणसे गिझरची जाड पिन कापून किंवा जोडपिन लावून तो ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवतात, आणि काही महिन्यांनी सॉकेट तपकिरी पडला, वास येतो, म्हणून मला बोलावतात. सॉकेट उघडला की आत पितळेची पट्टी काळी पडलेली असते आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन ओघळलेले असते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांनी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले असतात. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, हे त्या काळ्या पट्टीशी जोडून पाहिलेले नसते.

दुसरे म्हणजे अर्थिंग. फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) वायरिंगला वाचवते. माणसाला वाचवण्यासाठी अर्थिंग आणि प्रवाहाची गळती ३० मिलिअँपिअर झाली की वीज तोडणारे आरसीसीबी लागते. हा फरक मला दहा घरांत एखाद्याच घरी ठाऊक असलेला आढळतो. आपल्याकडे सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) घरांत उन्हाळ्यात जांभा पार कोरडा पडतो आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून त्यात पाणी घालावे लागते. खड्ड्यात मीठ आणि कोळसा का घालतात, याचे उत्तर दहावीच्याच पुस्तकात आहे: क्षारांच्या द्रावणातून वीज वाहते. पण ते आम्ल-आम्लारीच्या प्रकरणात आहे आणि अर्थिंग विजेच्या चुंबकीय परिणामांच्या प्रकरणात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलीला वीजबिल तरी वाचता यावे. बिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालवणे. ते ३६ लाख जूल होतात हे ती परीक्षेत काढते, पण स्वतःच्या घरचा एसी महिन्याला किती युनिट घेतो हे तिने कधी मांडलेले नसते. हे तर तिच्याच शाखेचे काम आहे.

अबोली_फोंडा

आमच्या स्नानगृहात जोडपिन आहे. उद्या काढते.

भिरंडसोल

फेज_न्यूट्रल यांनी प्रकरणांची गाठ पडत नाही असे लिहिले आहे, त्याला जोडून लिहिते. पुस्तकाची आणि आपल्या परसाचीही गाठ पडत नाही. आम्ल-आम्लारीच्या प्रकरणात नैसर्गिक दर्शक म्हणून लाल कोबी, हळद, आणि हायड्रेंजिया, पेटुनिया, जिरेनियम या फुलांच्या पाकळ्या दिल्या आहेत. पैकी हळद आपली. बाकीची फुले डिचोली-सत्तरीत कोणाच्या दारी आहेत ते मला सांगावे. आपल्या दारी जास्वंद आहे. तिच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात कुस्करल्या, तर ते पाणी लिंबाच्या रसाने गडद गुलाबी होते आणि धुण्याच्या सोड्याने हिरवे पडते. सोलांच्या (आमसुलांच्या) पाण्याचा लाल रंगही सोडा घालताच पालटतो. शाळेच्या कपाटातला लिटमस कागद पावसाळ्यात दमट होऊन निकामी झालेला असतो, जास्वंद मात्र बारा महिने ताजी मिळते.

पुस्तक साऱ्या देशासाठी लिहिलेले आहे, त्याला माझी हरकत नाही. पण शिक्षकांनी तेवढी अदलाबदल करायला काय हरकत आहे?

खाजनकार (चोडण)

भिरंडसोल यांच्या म्हणण्याला माझा दुजोरा. नववीच्या पेशीच्या प्रकरणात परासरण शिकवतात. टरफल काढलेले अंडे मिठाच्या पाण्यात ठेवले की आक्रसते, हा प्रयोग सर्वांना आठवत असेल. आमच्याकडे खाजनाचा (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीचा) बांध फुटून नदीचे खारे पाणी भातात शिरले, की हाच प्रयोग अख्ख्या शेतावर होतो. शेतात पाणी गुडघाभर उभे असते आणि भात तहानेने सुकते, कारण बाहेरचे पाणी मुळांतल्या द्रवापेक्षा खारट असल्यामुळे मुळांना ते ओढून घेता येत नाही. कोरगुटासारखे जुने वाण हा खारटपणा बराच सोसते, म्हणून पूर्वजांनी ते धरून ठेवले.

मानशीचेही (बांधातल्या पाण्याच्या झडपेचेही) तसेच. भरतीला नदीची पातळी चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त झाला की उघडतात. माणूस नसला तरी चालते. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे एक वाक्य तेथे उभे राहून शिकवले, तर ते विसरणे शक्य नाही. गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात चंद्रामुळे भरती येते असे शिकणाऱ्या मुलांना दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पुढे सरकते, हे आमच्या येथील गरी टाकून बसणारा म्हातारा सांगतो.

काजूमळा (वाळपई)

मग काजूच्या दारूच्या भट्टीनेच काय पाप केले? मिश्रणे वेगळी करण्याची ऊर्ध्वपातनाची रीत, किण्वनात निघणारा कार्बन डायऑक्साइड, वाफेचे संघनन, हे सारे मार्च ते मे आमच्या मळ्यात चालू असते. कोळंबीत (तुडवणीच्या कुंडात) बोंडे तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवस आंबू लागला, की त्यावर फेस येऊन बुडबुडे फुटताना ऐकू येतात. मग भाणात (भट्टीवरच्या हंड्यात) रस, खाली लाकडाचा जाळ, वाफ नळीतून लावणीत (वाफ थंड होऊन जमा होते त्या भांड्यात), आणि लावणीवर थंड पाण्याची धार. पुस्तकात ॲसिटोन आणि पाणी वेगळे करण्याची आकृती शिकवीत असत, तिच्यातला प्रत्येक भाग येथे दाखवता येतो.

रापणकार

प्रात्यक्षिकाला शंभर टक्के हजेरी राहील. शिक्षकांची.

मांडवीकाठ

विनोद बाजूला ठेवून काजूमळा यांच्या उदाहरणात एक भर घालतो, कारण पुस्तक जेथे थांबते त्याच्या पुढची पायरी त्यात आहे. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना, म्हणून आधी सगळे मद्य निघून जाईल आणि मागे पाणी राहील, असा मुलांचा समज होतो. तसे झाले असते तर पहिल्याच धारेला शुद्ध इथेनॉल पडले असते. प्रत्यक्षात वाफेत दोन्ही असतात, फक्त मूळ रसापेक्षा तिच्यात मद्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून पहिल्या ऊर्ध्वपातनात सौम्य हुर्राक मिळतो आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी. दोनदा का करावे लागते, या प्रश्नाला उत्तर देणारा विद्यार्थी अकरावीला माझ्याकडे आला तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवीन. चव घेण्याची गरज नाही.

अबोली_फोंडा

शाळेच्या सहलीचे पत्रक पालकांकडे सहीला येते, हे मंडळींनी लक्षात ठेवावे.

परिचारिका_साखळी

मांडवीकाठ सरांनी वगळलेल्या प्रकरणांची यादी दिली, त्यातल्या "आपण आजारी का पडतो" या प्रकरणाबद्दल मला लिहावेसे वाटते. मी आरोग्य केंद्रात काम करते. सर्दी-पडशाच्या मुलाला घेऊन आलेले पालक अँटिबायोटिक लिहून द्या म्हणून हटून बसतात, हा रोजचा अनुभव आहे. पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूंची पेशीभित्तिका तयार होऊ देत नाहीत आणि विषाणूंना पेशीभित्तिकाच नसते, म्हणून विषाणूजन्य सर्दीवर ती चालत नाहीत, हे त्या प्रकरणात अगदी सोप्या भाषेत होते. आयुष्यभर उपयोगी पडणारे पान कोणते, असे मला विचारले असते, तर मी ते दाखवले असते.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो विषाणू गोचिडीमार्फत माणसात येतो. काजूच्या हंगामात लोक रानात जातात तेव्हा अंगभर कपडे घाला, अंगाला तेल लावा, मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवा, असे आम्ही सांगत फिरतो. ज्यांना रोगाचा कारक आणि रोगाचा वाहक हे वेगवेगळे असतात एवढे समजलेले असते, त्यांना दोन वाक्यांत सारे कळते. ज्यांना ते कधी शिकवलेच नाही, त्यांच्या दृष्टीने माकडाने ताप आणलेला असतो आणि राग माकडावर निघतो. माकड बिचारे स्वतःच त्या तापाने मरत असते.

जुना_खडू (डिचोली)

परिचारिकाताई, आपला अनुभव वाचून मांडवीकाठ सरांचे पारडे जड झाले, हे मान्य करतो. तरी एक प्रश्न राहतो. हे प्रकरण पुस्तकात असताना ज्या पिढ्या दहावी झाल्या, त्याच आज पालक म्हणून आपल्याकडे अँटिबायोटिक मागत आहेत. पान पुस्तकात होते, परीक्षेतही येत होते. मग ते डोक्यात का उतरले नाही?

प्राथमिक_शिक्षिका

कारण ते त्यांनी इंग्रजीत पाठ केले होते, असे माझे मत आहे. आमच्या मराठी शाळेतली चौथीची मुले परिसर अभ्यासाच्या तासाला बोलून बोलून मला थकवतात. ओढ्यातले पाणी उन्हाळ्यात कोठे जाते, मुंग्या पावसाआधी अंडी का हलवतात, एक ना दोन. तीच मुले पाचवीला हायस्कूलमध्ये गेली, की विज्ञान इंग्रजीत सुरू होते आणि त्यांचे प्रश्न बंद पडतात. वर्षभराने भेटली तर व्याख्या म्हणून दाखवतात. चार वर्षे ज्या भाषेत विचार करायला शिकली, ती भाषा विज्ञानाच्या तासाला दाराबाहेर काढून ठेवावी लागते.

फेज_न्यूट्रल (मडगाव)

बाईंशी थोडासा असहमत आहे. आमचे सर इंग्रजी पुस्तकातून कोंकणीतच शिकवीत असत आणि समजतही असे. अडचण उत्तर लिहिताना येई. जे समजले ते लिहिता येत नसे आणि जे लिहिता येई ते समजलेले नसे.

मांडवीकाठ

माध्यमाचा वाद सुरू झाला की धागा दोनशे प्रतिसादांवर जातो आणि मूळ प्रश्न हरवतो, हा येथला इतिहास आहे. तो वेगळ्या धाग्यावर चालवावा, असे सुचवतो. प्राथमिक_शिक्षिका यांनी म्हटलेले एवढे मात्र या धाग्यातच राहू द्यावे, की मूल प्रश्न विचारायचे थांबते ते बहुतेक वेळा पाचवीत थांबते, दहावीत नव्हे.

घुमटआरती

विषय थोडा वळवतो, पण सोडत नाही. नववीत ध्वनीच्या प्रकरणात नादकाटा आणतात आणि वारंवारता, उच्चनीचता, आयाम शिकवतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) ज्यांच्या घरी आरती होते त्यांनी घुमट हे वाद्य पाहावे. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडाला चामडे ताणून बसवलेले असते आणि मागचे अरुंद तोंड उघडे असते. उजव्या हाताने चामड्यावर थाप मारताना डाव्या हाताचा तळवा त्या अरुंद तोंडावर कमी-जास्त टेकवला, की नाद खाली उतरतो किंवा मोकळा होतो. तोंड जितके झाकले जाते, तितकी आतल्या हवेची वारंवारता कमी होते. चामडे तेच आणि थापही तीच असते, बदलते ती फक्त मागची फट. बाकी सारे कायम ठेवून एकच गोष्ट बदलायची, ही जुना_खडू सरांची रीत आमची पोरे आरतीत रोज वापरतात, फक्त त्यांना कोणी तसे सांगितलेले नाही. पूर्वी चामडे घोरपडीचे असे. वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात आणि नादात फरक पडतो, असे जुने वादक सांगतात. पदार्थ बदलला की ध्वनी बदलतो, हाही धडाच.

आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची मांडणी! सजीवांच्या विविधतेचे प्रकरण पुस्तकातून गेले असले, तरी ते चवथीला आमच्या डोक्यावर टांगलेले असते. कवंडळ आणि चिबूड एकाच कुळातले, तोरिंग आणि लिंबू एकाच कुळातले, हे माटोळीखाली उभे राहून दाखवायला किती वेळ लागतो?

खाजनकार (चोडण)

रापणकार यांच्या बेडकाला कोणी उत्तर दिले नाही, म्हणून मी देतो. बेडकाने विचारले नसेल, पण पहिल्या पावसात बॅटरी घेऊन बेडूक पकडायला निघणाऱ्यांना ते विचारायला हवे. कायद्याने बंदी आहेच. दहावीच्या शेवटच्या प्रकरणात अन्नसाखळी आहे, आणि एका पातळीवरून पुढच्या पातळीवर सुमारे १० टक्केच ऊर्जा जाते, हे सर्वांनी पाठ केलेले असते. शेतातले किडे खाणारा बेडूक साखळीतून काढला तर त्याच्या वर आणि त्याच्या खाली काय होते, हे मात्र आमच्या वेळी परीक्षेत कधी आले नाही. ते शेतात येते.

रापणकार

बेडकाच्या वतीने आभार. गंभीरपणे सांगायचे, तर माझ्या शाळेत हृदयाच्या कप्प्यांची संख्या पाठ करून घेतली, पण तीन कप्पे असल्यामुळे बेडकाचे काय होते, हे कोणी सांगितले नाही. शुद्ध आणि अशुद्ध रक्त काही प्रमाणात मिसळते, बेडकाला शरीराचे तापमान एकसारखे राखायचे नसल्यामुळे त्याचे तेवढ्यावर भागते, आणि पक्ष्यांना व आपल्याला भागत नाही, म्हणून चार कप्पे. हे मला परवा भाचीच्या पुस्तकात वाचायला मिळाले. आमच्याही पुस्तकात असेल कदाचित, पण आम्ही खुणा केलेल्या ओळीच वाचीत होतो.

अबोली_फोंडा

सर्वांचे आभार. मुलीला हा धागा वाचायला दिला. तिचे म्हणणे असे, की येथे प्रत्येकाने आपापल्या उपयोगाचे पान दाखवले: वायरमनने विजेचे, परिचारिकेने रोगाचे, शेतकऱ्याने खाजनाचे. मग सर्वांची पाने एकत्र केली की पुन्हा तेच १३ प्रकरणांचे पुस्तक तयार होते. तिला यातून हिशेबाने निवड करून हवी आहे. परीक्षेला अवकाश थोडा आहे, तेव्हा तिने नेमके काय हाताने करून पाहावे?

मांडवीकाठ

मुलगी वाणिज्य शाखेत चमकेल. तिचा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे: आपल्याला पुढे कोणते पान लागणार, हे पंधराव्या वर्षी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सर्वांना सगळी पाने द्यावी लागतात. मी परीक्षेपुरते काही सुचवणार नाही. परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिने पुस्तकातून वगळलेल्यांपैकी दोनच गोष्टी वाचाव्यात, उत्क्रांती आणि आवर्त सारणी. जुन्या पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांत अजून मिळतात. मिरामारच्या विज्ञान केंद्रातही एक दिवस काढावा, आणि तेथे बटणे दाबत सुटण्याऐवजी एकाच मांडणीपाशी अर्धा तास थांबावे.

जुना_खडू (डिचोली)

मी मात्र आताच करण्याजोगे सांगतो, कारण सुट्टीतला बेत सुट्टीतच राहतो. खोलीतले दिवे मालवून बहिर्गोल भिंग खिडकीसमोरच्या भिंतीपाशी धरावे आणि बाहेरच्या झाडाचे उलटे चित्र भिंतीवर स्पष्ट होईपर्यंत मागेपुढे करावे. भिंग आणि भिंत यांतले अंतर पट्टीने मोजले, की ते जवळजवळ नाभीय अंतर असते. तीनदा मोजावे, आणि तीन उत्तरे थोडी वेगळी आली तर खोडू नयेत. दुसरे म्हणजे भिरंडसोल यांची जास्वंद. घरातले साबण, ताक, चुन्याची निवळी, आमसुलाचे पाणी, सगळ्यांवर वापरावी, आणि आधी अंदाज लिहून मगच थेंब टाकावा. तिसरा बल्बचा आलेख. मल्टिमीटर कोणाकडून तरी मागून आणावा.

यांपैकी दोन तरी परीक्षेत विचारतात, त्यामुळे आईचीही तक्रार राहणार नाही.

फेज_न्यूट्रल (मडगाव)

मल्टिमीटर मी देतो, फोंड्याला कामानिमित्त येणे असतेच. एकच विनंती: बल्बचा प्रयोग विजेरीच्या सेलवरच करावा, घरच्या सॉकेटवर नव्हे. आणि प्रवाह मोजताना मल्टिमीटर एकसरीत जोडावा. सेलच्या दोन टोकांना थेट लावला तर त्याचा फ्यूज उडतो, आणि तो फ्यूज आमच्या बाजूला सहज मिळत नाही.